हरकत घ्यायची होती तेव्हा कुठे होतात?

उभे राहा. सगळे. गंगापूर रोडचे, इंदिरानगरचे, आडगाव-म्हसरूळच्या नव्या कॉलन्यांतले, झाडून सगळे. बसायचं केव्हा ते मी सांगेन.

तुमच्यातल्या पुष्कळांना मी नागरिकशास्त्र शिकवलं आहे. इतिहासाच्या पुस्तकाच्या शेपटाला जोडलेला थोडक्या मार्कांचा विषय. परीक्षेच्या आदल्या रात्री चाळायचा आणि पेपर संपला की विसरायचा. तो तुम्ही किती मन लावून विसरलात, हे मला नोव्हेंबर २०२५ मध्ये समजलं. सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी नाशिकच्या तपोवनातली सुमारे अठराशे झाडं काढायची नोटीस महापालिकेने काढली आणि शहर खडबडून जागं झालं. तुम्ही झाडांना मिठ्या मारल्या, फलक धरले, शेकड्यांनी हरकती दिल्या, सुनावणीला गर्दी केली. प्रकरण उच्च न्यायालय आणि हरित लवादापर्यंत गेलं. छान केलंत. शाबासकी संपली, आता कान इकडे करा.

साधुग्रामचं आरक्षण तपोवनावर काल रात्री पडलेलं नव्हतं. शहराचा प्रारूप विकास आराखडा २०१५ मध्ये लोकांपुढे ठेवला होता. हरकती आणि सूचना मागवल्या होत्या, सुनावण्या झाल्या होत्या. साधू येणार, त्यांना जागा लागणार, हे नाशिककराला पंचांगातून बारा वर्षं आधी माहीत असतं. मग तेव्हा तुमच्यातल्या किती जणांनी लिहून दिलं, की आरक्षण ठेवा, पण त्या जागेतली उभी झाडं मोजून नकाशावर दाखवा आणि तंबू झाडांच्या मधल्या जागेत लागतील अशी अट आरक्षणातच घाला? हात वर करा. मला तरी एकही दिसत नाही. वृक्षतोडीच्या नोटिशीवर हरकतीला कायदा सात दिवस देतो. जे म्हणणं दहा वर्षं आधी शांतपणे मांडता आलं असतं, ते तुम्ही सात दिवसांत उरकायला धावलात. आणि ज्या वृक्ष प्राधिकरणापुढे मांडायला धावलात त्याचे अध्यक्ष कोण? महापालिकेचे आयुक्त. झाडं कोणाला काढायची होती? महापालिकेला. हेही नोटीस आल्यावरच कळलं ना?

तारखा फळ्यावर लिहिते, वहीत उतरवून घ्या. नाशिक महापालिका १९८२ ची. तिचा आधीचा विकास आराखडा १९९३ मध्ये मंजूर झाला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ सांगतो की वीस वर्षांनी आराखडा सुधारा. त्याप्रमाणे २०१३ मध्ये जो प्रारूप आला त्यावर एवढं वादळ उठलं की तो बाजूला ठेवून नगररचना सहसंचालक प्रकाश भुक्ते यांच्याकडे काम नव्याने द्यावं लागलं. त्यांचा प्रारूप २०१५ चा. शासनाची मंजुरी जानेवारी २०१७ मध्ये, बांधकाम नियमावली एप्रिलमध्ये. तुमच्या घरापुढचा रस्ता किती मीटरचा, मागच्या मोकळ्या जागेवर उद्यान की भाजी मंडई, नाल्याकाठी पिवळा म्हणजे निवासी पट्टा की हिरवा म्हणजे शेतीचा, हे सगळं त्या दोन वर्षांत ठरलं. आता पूर्ण आराखडा पुन्हा उघडेल तो २०३७ च्या आसपास. माझं वय पाहता मी त्या वर्गावर नसेन, म्हणून आजच बोलून घेते.

हरकतींच्या त्या महिन्यात तुम्ही काय करत होतात? महिनाच असतो तो. मुंबईला साठ दिवस, बाकीच्यांना तीस. नोटीस राजपत्रात येते आणि वर्तमानपत्रात येते. 'गावकरी', 'देशदूत' घरी येत होता. पहिल्या पानावरचा क्रिकेटचा निकाल वाचलात, आतल्या पानावरचं राशिभविष्य वाचलंत, आणि ज्या पानावर बारीक टायपात 'तमाम नागरिकांस कळविण्यात येते की' असं छापलं होतं त्यावर पोहे खाल्लेत.

जे आले, तेही काय घेऊन आले! एक छापील मजकूर, खाली तीनशे वेगवेगळ्या सह्या. कोणीतरी कार्यकर्त्याने झेरॉक्स काढून वाटल्या, तुम्ही जिन्यात उभ्या उभ्या सही ठोकली. नियोजन समितीच्या अहवालात अशा तीनशे कागदांचं काय होतं, माहीत आहे? 'समान स्वरूपाच्या हरकती' अशी एक ओळ. तीस उत्तरपत्रिकांत एकच चूक त्याच शब्दांत आली की मी काय करायचे ते आठवतंय ना? समितीही तेच करते, फक्त ती तुम्हाला बाकावर उभं करत नाही.

हरकत लिहिणं काही अवघड नाही. सर्व्हे नंबर किंवा गट नंबर. आरक्षणाचा क्रमांक, तो ज्या भाग नकाशावर आहे त्याचा क्रमांक. आज तिथे जमिनीवर काय आहे, प्रस्ताव काय आहे, त्यात चूक कोणती आणि त्याऐवजी तुम्हाला नेमकं काय हवं. जोडीला सात-बारा असेल तर तो, नसेल तर फोटो. दोन प्रती काढायच्या आणि एकीवर आवक शिक्का मारून घ्यायचा. एवढं दीड पानात बसतं. 'आमच्या भागावर अन्याय झाला आहे, तरी योग्य तो न्याय मिळावा' ही हरकत नाही, हा गणपतीच्या मंडपातला नवस आहे. कोणता भाग, कोणता अन्याय, हे अधिकाऱ्याने ओळखायचं का?

सुनावणीचंही तेच. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले तज्ज्ञ अशी समिती बसते आणि ज्याने मुदतीत लेखी हरकत दिली त्याचं ऐकते. कागद दिला नसेल तर तुमचं तिथे काही नाही, कितीही मोठ्याने बोला. आणि तुम्ही मोठ्यानेच बोलता! नगरसेवकाला घेऊन येता, माइक ओढता, घोषणा देता, बाहेर येऊन चॅनेलच्या कॅमेऱ्यापुढे 'सुनावणी उधळून लावली' असं छाती फुगवून सांगता. मूर्खपणा आहे. इतिवृत्तात घोषणा लिहीत नाहीत. 'नागरिकांनी गोंधळ घातला, तथापि सुनावणीची प्रक्रिया पूर्ण करण्यात आली,' एवढं वाक्य लिहितात, आणि उद्या न्यायालयात तुमच्याच विरुद्ध वाचून दाखवतात. ज्या दिवशी तुमचं म्हणणं सरकारी कागदावर उतरायला हवं होतं, तो दिवस तुम्ही आरडाओरड्यात घालवलात.

आता खरी गोष्ट, जी ऐकायला तुम्हाला आवडणार नाही. जे मुद्देसूद लिहून आले, वकील घेऊन आले, नकाशे घेऊन आले, ते कशासाठी आले होते? माझ्या प्लॉटवरचं आरक्षण काढा. माझ्या दारातून जाणारा रस्ता पलीकडच्याच्या वावरातून न्या. माझी जमीन हिरव्यातून पिवळ्यात घाला. त्यांचा दोष मी काढत नाही. ज्याची जमीन वीस-वीस वर्षं आरक्षणाखाली अडकून पडते, पैसे मिळत नाहीत, विकता येत नाही, त्याने ओरडायलाच हवं. प्रश्न तुमचा आहे. त्या जागेवर ज्याचं मूल खेळणार होतं, तो कुठे होता? 'हे मैदान राहू द्या' अशी हरकत घ्यायला कायद्याने मनाई केली आहे का? प्रारूपावर कोणीही सूचना देऊ शकतो, त्यासाठी सात-बारावर नाव लागत नाही. तरी मैदानाच्या बाजूने कागद येत नाही. मग समितीपुढे एका बाजूला फाईल, दुसऱ्या बाजूला कोरी जागा. निकाल कुणीकडे झुकेल हे सांगायला नगररचनेची पदवी लागत नाही.

तिकडे बंगळूरला एका वसाहतीतल्या उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला देऊन टाकली होती. रहिवासी न्यायालयात गेले. जागा त्यांची नव्हती, कोणाचं घरही पडणार नव्हतं. तुमचा काय संबंध, असं त्यांनाही विचारलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बंगलोर मेडिकल ट्रस्टच्या त्या खटल्यात रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला, त्यांचा संबंध मान्य केला आणि उद्यान उद्यानच राहिलं. त्या रहिवाशांकडे तुमच्यापेक्षा जास्त काय होतं? चिकाटी आणि फाईल.

तुम्ही मात्र म्हणता, 'बाई, एवढा मोठा गृहप्रकल्प उभा राहतोय शेजारी, पाण्याचं, गटाराचं काय होणार, जनसुनावणी कधी?' होणार नाही. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेत खाणी, मोठे कारखाने यांना जनसुनावणी आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळ ती भरवतं, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष असतो, तीस दिवस आधी नोटीस लागते. पण इमारती आणि टाऊनशिप यांना त्यातून सूट आहे. म्हणजे तुमच्या शेजारच्या टॉवरबद्दल बोलण्याची जागा होती ती विकास आराखड्याच्या हरकतींची, आणि नंतर नियमावलीच्या हरकतींची. राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीचा मसुदा मार्च २०१९ मध्ये हरकतींसाठी प्रसिद्ध झाला, डिसेंबर २०२० मध्ये ती लागू झाली. बिल्डर आणि वास्तुविशारदांना त्यातलं कलम न् कलम पाठ आहे. तुमच्यातल्या एकाने तरी तो मसुदा उघडला होता का? आणि हो, कपाटांच्या जागेमुळे चटईक्षेत्र ओलांडल्याच्या 'कपाट' प्रकरणात ज्यांच्या इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले रखडले, ज्यांनी दाखल्याशिवायच घरात वास्तुशांत घातली, त्यांनी तर या प्रश्नावर मान खालीच घालावी. सहा आणि साडेसात मीटरच्या रस्त्यांना काय नियम लागतात, हे घर घेण्याआधी समजून घ्यायचं असतं.

पूररेषेचं तर विचारूच नका. सप्टेंबर २००८ मध्ये गोदावरीने सराफ बाजारापर्यंत येऊन दाखवलं. मग निळी रेषा, लाल रेषा आखली गेली. त्या रेषा तुमच्या घराच्या कोणत्या बाजूने जातात? गप्प का?

आणखी एक कलम आहे, ते नीट ऐका, कारण त्याची घंटा आता वाजते आहे. त्याच १९६६ च्या नगररचना अधिनियमाचं कलम १२७. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटीस दिल्यावर चोवीस महिन्यांत महापालिकेने जागा घेतली नाही किंवा भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. पाऊल म्हणजे नुसता महासभेचा ठराव नव्हे, नुसतं जिल्हाधिकाऱ्यांना पाठवलेलं पत्रही नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केलं आहे. आता २०१७ मध्ये दहा मिळवा. बोटं मोजू नका, एवढी बेरीज तोंडी यायला हवी. सिंहस्थाच्या वर्षीच २०१७ च्या नव्या आरक्षणांची दहा वर्षं भरतात. शाळांची, मैदानांची, उद्यानांची. गाव सगळं रामकुंडाकडे पाहत असेल आणि महापालिकेच्या आवक विभागात नोटिसा पडत असतील.

आणि आरक्षण असं रद्द होताना तुमची हरकत मागवली जात नाही. राजपत्रात अधिसूचना निघते, संपलं. सुनावणी नाही, फलक नाही, मिठी मारायला झाडही नाही. म्हणून विचारायचं ते आता विचारावं लागेल: माझ्या प्रभागातली आरक्षणं किती, त्यातली ताब्यात किती, उरलेल्यांसाठी यंदाच्या अंदाजपत्रकात पैसा ठेवला आहे का, नोटीस कोणकोणत्या जागांवर आली आहे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

तुमचं ठरलेलं उत्तर मला पाठ आहे: 'बाई, सगळं आधीच ठरलेलं असतं. सुनावणी म्हणजे नाटक.' अर्धं खरं आहे. अधिकाऱ्यांनाही मी सोडत नाही. नकाशातले अंक भिंगाशिवाय दिसत नाहीत. सूचीत रंग एक, कागदावर दुसराच. सुनावणी कामाच्या दिवशी भर दुपारी, म्हणजे कारखान्यातल्या माणसाने पगार कापून यायचं आणि तीन तास ताटकळून तीन मिनिटं बोलायचं. हरकत फेटाळली तर का फेटाळली, याचं दोन ओळींचं उत्तरही धड मिळत नाही. त्यावर कडी म्हणजे मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ ची निवडणूक होईपर्यंत या शहरात नगरसेवकच नव्हते. प्रस्ताव मांडणारे प्रशासक, मंजूर करणारे प्रशासक, अंमल करणारेही प्रशासक. वर्गात विद्यार्थ्यानेच पेपर काढला, त्यानेच सोडवला आणि त्यानेच तपासला, तर आम्ही त्याला परीक्षा म्हणत नाही. जवळजवळ चार वर्षं हे चाललं, आणि एकशे बावीस लोकप्रतिनिधींची जागा रिकामी आहे याचं तुम्हाला काही वाटलं नाही. गटार तुंबल्यावर फोन कुणाला करायचा, एवढ्यापुरती आठवण झाली.

पण उरलेलं अर्धं खोटं आहे. पुण्यात २०१३ मध्ये जुन्या हद्दीच्या आराखड्यावर सुमारे ८७ हजार हरकती आल्या आणि तो सहजासहजी पुढे सरकू शकला नाही. मुंबईचा प्रारूप आराखडा २०१५ च्या एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी महापालिकेला मागे घ्यायला लावला, कारण लोकांनी एकेक पान उघडून चुका दाखवल्या. आणि नाशिकचा २०१३ चा प्रारूप? तोही बाजूला ठेवावा लागलाच की. म्हणजे नाटक नसतं. नाटकात प्रेक्षक उठून बोलला तर संहिता बदलत नाही, इथे बदललेली आहे.

आणि बदल कोणी घडवला, तेही बघा. मखमलाबाद आणि हनुमानवाडीच्या शिवारात स्मार्ट सिटीची साडेसातशे एकरांवरची नगररचना योजना आली. तिथले शेतकरी काही इंग्रजी शाळेत शिकलेले नव्हते. पण किती टक्के जमीन परत मिळणार, रस्त्यांचा खर्च कोणाच्या डोक्यावर, द्राक्षबाग उठली तर उत्पन्नाचं काय, हे प्रश्न त्यांनी विचारले, बैठकांमागून बैठका घेतल्या, न्यायालयाची पायरी चढले. ती योजना ठरल्या रूपात काही उभी राहिली नाही. योजना चांगली होती की वाईट, यावर माझं मत वेगळं असू शकेल. शहराची वाढ आखून व्हावी, असंच मला वाटतं. पण त्या लोकांनी आपला गट नंबर सोडला नाही. तुमच्या सोसायटीत पीएचडी झालेले चार आणि सीए सहा, आणि सोसायटीच्या लेआउटमधली दहा टक्के मोकळी जागा कुठे आहे हे त्यातल्या एकाला सांगता येत नाही!

शेवटी 'वेळ नाही' हे कारण ऐकवू नका. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पार्किंगच्या पट्ट्यावरून तुम्ही रात्री साडेअकरापर्यंत भांडता. त्यातला एक तास दिवसाढवळ्या द्या.

काम सांगते, लिहून घ्या. या आठवड्यात राजीव गांधी भवनात जायचं. नगररचना विभागात तुमच्या सर्व्हे नंबरचा भाग नकाशा आणि झोन दाखला मागायचा. आसपासच्या आरक्षणांवर लाल पेनाने खुणा करायच्या. त्यातल्या मैदानाची, शाळेची आणि उद्यानाची सद्यस्थिती विचारणारा अर्ज तिथेच टेबलावर बसून लिहायचा आणि नवीन निवडून आलेल्या नगरसेवकाच्या हातात त्याची प्रत द्यायची. एकट्याने जायचं नाही, शेजाऱ्याला ओढून न्यायचं. आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय जिना उतरायचा नाही. बसा आता.